नाणे प्रदर्शनात पाकीट उशिरा उघडा

माझा पहिला १८६२ चा रुपया अजून माझ्याकडे आहे. राणी व्हिक्टोरियाचा, आरशासारखा चकचकीत. नागपुरातल्या एका नाणे प्रदर्शनात आत शिरल्याबरोबर पहिल्याच टेबलावर तो दिसला आणि दहा मिनिटांत मी तो घेऊन मोकळा झालो. शेजारी एक पांढऱ्या मिशांचे काकाजी उभे होते. त्यांनी तो मागून घेतला, दिव्याखाली जरासा तिरपा केला आणि म्हणाले, "बाबू, याले घासलं आहे कोणीतरी. चमक आहे, पण जीव गेला याचा."

त्यानंतर मी प्रदर्शनात जाण्याची माझी पद्धतच बदलली. फोटोवरून नाणं घेता येतं, पण त्याचं वजन, कड, पृष्ठभागावरून सरकणारा उजेड या गोष्टी फोटोत येत नाहीत. एका छताखाली शेकडो अस्सल आणि थोडी नकली नाणी हातात घेऊन पाहायची संधी विदर्भातल्या संग्राहकाला वर्षातून फार वेळा मिळत नाही. तेव्हा खरेदी शेवटी. आधी बोटांना आणि डोळ्यांना शिकू द्या.

आठवडाभर आधी

सगळ्यात आधी ठरवा, तुम्ही नेमकं काय जमवता. "मला सगळंच आवडतं" हे उत्तर प्रामाणिक असलं तरी प्रदर्शनात फार महाग पडतं. एक किंवा दोन विषय घ्या. अगदी नवख्या माणसाला मी नेहमी नया पैसा सुचवतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि नाण्यांवर "नये पैसे" असं लिहिलं जाऊ लागलं. जून १९६४ पासून "नया" हा शब्द गेला. एवढ्याशा काळातली नाणी, त्यामुळे संच पूर्ण होण्याची आशा असते. नाणी स्वस्त आहेत, आणि टांकसाळीच्या खुणा ओळखण्याचा सराव आपोआप होतो. सालाखाली चौकटीच्या पत्त्यासारखी खूण म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, कसलीच खूण नाही म्हणजे कोलकाता. गोल ठिपका नोएडाचा, पण ती टांकसाळ १९८८ नंतरची. नया पैशावर नोएडाचा ठिपका कोणी दाखवला तर हसून पुढे जा.

ब्रिटिश रुपयांची आवड असेल तर पंचम जॉर्जचे रुपये सालवार लावणं हे चांगलं काम आहे. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसाही मजेदार विषय. विषय ठरला की "आहे" आणि "हवं" अशी दोन रकाने असलेली यादी कागदावर करा. फोनमधली यादी गर्दीत एका हातात नाणं धरून उघडता येत नाही.

त्याच आठवड्यात एकदा अजब बंगल्यात जाऊन या. आपल्या या मध्यवर्ती संग्रहालयाची स्थापना १८६३ ची, आणि तिथल्या संग्रहात जुनी नाणीही आहेत. जाण्याआधी सुटीचा वार विचारून घ्या. काचेआडची अस्सल नाणी मन लावून पाहिलेली असली की टेबलावर काहीतरी खटकलं तर लगेच कळतं.

दुसरं काम, निघण्याच्या दिवशी सकाळी इतवारीतल्या सराफ्यातला चांदीचा भाव विचारा. १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. ग्रॅमच्या भावाला एवढ्यानं गुणलं की नाण्याची तळाची किंमत निघते. (जुना तोळा म्हणजे या रुपयाचंच वजन. सराफ आता दहा ग्रॅमचा तोळा धरतात, त्यामुळे आजीच्या हिशोबात आणि दुकानदाराच्या हिशोबात फरक पडतो.) १९४० पासून चांदी पन्नास टक्क्यांवर आली, पण वजन तेच राहिलं. हा फरक ज्याला माहीत नाही तो १९४३ चा रुपया १९१३ च्या भावानं घेऊन येतो. १९४७ च्या रुपयात तर चांदीच नाही, तो निकेलचा आहे.

पिशवीत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग. त्याहून मोठं नको, पूर्ण नाणं नजरेत येत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला वजनकाटा. लहान चुंबक, छोटी बॅटरी, मऊ सुती रुमाल, वही-पेन. घेतलेली नाणी ठेवायला स्वतःची पाकिटं न्या, कारण टेबलावर मिळणारी काही पाकिटं मऊ पीव्हीसीची असतात. त्यातलं रसायन सुटून नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो.

पैसे रोख न्या, आणि सुट्टे न्या. यूपीआय सगळीकडे चालतं, पण सभागृह तळमजल्यात असलं की नेटवर्क जातं. शिवाय रोख रकमेला एक तळ असतो, यूपीआयला तो दिसत नाही. मी दोन लिफाफे करतो: एका लिफाफ्यात यादीतल्या नाण्यांचे पैसे, दुसऱ्यात अगदी थोडे, मोहासाठी. मोहाचा लिफाफा नेहमी आधी रिकामा होतो, हे कबूल करतो.

कोणत्या दिवशी, किती वाजता

अशी प्रदर्शनं बहुधा शुक्रवार ते रविवार भरतात. शुक्रवारी सकाळी माल भरपूर आणि ताजा असतो, विक्रेतेही बोलायच्या मनःस्थितीत असतात. शनिवारी शाळांच्या सहली आणि घराघरांतली माणसं येतात, धड उभं राहायला जागा नसते. रविवारी दुपारनंतर इंदूर, रायपूर, मुंबईकडे परतायचं असलेला विक्रेता माल बांधायच्या आत काहीतरी निघून जावं म्हणून भाव सोडतो. जमलं तर शुक्रवारी पाहायला जा आणि रविवारी घ्यायला. दुर्मीळ नाणं मात्र रविवारपर्यंत थांबत नाही. हा जुगार ज्याचा त्यानं खेळायचा.

गाडी नेण्यापेक्षा मेट्रो बरी. दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात, तिथून पुढे ऑटो. उन्हाळ्यात घेतलेली नाणी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जेवायला जायची चूक करू नका. प्लॅस्टिकची पाकिटं नागपूरच्या मे महिन्यात अक्षरशः नाण्याला चिकटतात.

आणि तर्री पोहे खाऊन आलात तर हात साबणानं धुऊन मगच आत जा. मी थट्टा करत नाही. तेलाचं बोट तांब्याच्या चकचकीत नाण्यावर पडलं तर काही महिन्यांनी तिथे तपकिरी ठसा उमटतो, तुमच्या नावाची सही असल्यासारखा.

आत गेल्यावर

विक्रेत्यांच्या टेबलांकडे पाठ करा आणि आधी संग्राहकांनी लावलेल्या चौकटी पाहा. लोक इथे घाईत असतात, पण तुम्ही तासभर द्या. कोणीतरी वीस वर्षं एकाच प्रकारावर घालवलेली असतात आणि तो माणूस बहुतेक चौकटीच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलेला असतो. "काकाजी, हे फरक कसे ओळखता?" एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास तुमचा. त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकण्यासारखं असतं.

मग सगळ्या टेबलांवरून एक फेरी, हात मागे बांधून. कुठे काय आहे आणि किती सांगतात ते वहीत लिहा: टेबल, नाणं, भाव. एकच नाणं तीन टेबलांवर तीन भावांना दिसेल. पहिल्या टेबलावर घेतलेल्याला हे तिसऱ्या टेबलावर कळतं. मला कळलं तसं.

टेबलापाशी काही रीत पाळा. नाणं विचारल्याशिवाय उचलू नका. उचललं तर अंगठा आणि तर्जनीनं कडेवरच धरा, आणि मखमली ट्रेच्या किंवा रुमालाच्या वर धरा. दोन नाणी एकदम हातात घेऊ नका. एक ट्रेमध्ये परत गेलं की दुसरं मागा, म्हणजे हिशोबाचा घोळ होत नाही. कोणाचा सौदा चालू असेल तर मधे तोंड घालून "बाजूला स्वस्त आहे" सांगू नका. नाणं नकली वाटलं तरी चारचौघांत जाहीर करायची गरज नाही. ठेवा आणि निघा.

नाणं पारखायचं कसं

इथे मी थोडा रेंगाळतो, कारण प्रदर्शनाला जायचं ते यासाठीच.

पहिली गोष्ट चमक. टांकसाळीतून ठोकून निघालेल्या नाण्यावर धातू ठशात पसरल्याच्या बारीक रेषा असतात. दिव्याखाली नाणं हळू फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. घासलेल्या नाण्यावर उजेड सगळीकडे सारखाच पडतो, जागचा हलत नाही. भिंगातून एकाच दिशेच्या बारीक ओरखड्यांची जाळी दिसते, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत, जिथे फडकं पोचत नाही, तिथे जुना काळेपणा उरलेला असतो. काकाजींनी दोन सेकंदांत जे पाहिलं ते हे. घरी चिंच आणि राखेनं घासून काढलेल्या नाण्याची किंमत अर्ध्याच्याही खाली जाऊ शकते. राखाडी, निळसर, काळपट झालेली चांदी कुरूप नाही, ती तशीच हवी.

दुसरी, वजन आणि माप. विक्रेत्याला विचारून काटा काढा. चांगला विक्रेता नाही म्हणत नाही, बरेच जण स्वतःचाच काटा पुढे करतात. झिजलेला रुपया ११.४ किंवा ११.५ भरेल, ते चालतं. अगदी नवाकोरा दिसणारा रुपया १०.८ भरला तर मात्र काहीतरी चुकलंय. व्यास ३०.५ मिलिमीटरच्या आसपास हवा.

तिसरी, कड. लोक दोन बाजू पाहतात आणि तिसरी विसरतात. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेवर मधोमध जोडाची रेघ किंवा ती कानसून काढल्याची खूण दिसते. पृष्ठभागावर भिंगातून सुईच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत वाटतात. याच कडेवर, राजाच्या डोक्याच्या वर, झाळ लावल्याचा ठिपका शोधा. आपल्याकडे रुपयांच्या माळा पिढ्यान् पिढ्या गळ्यात होत्या. कडी काढून, घासून ती नाणी बाजारात येतात. नाणं अस्सलच, पण संग्रहाच्या दृष्टीनं ते जखमी. चांदीच्या भावात मिळालं तर घ्या.

चुंबकाचा उपयोग लोक उलटा करतात. चुंबकाला चिकटलं नाही म्हणून चांदी ठरत नाही, पितळ आणि तांबंही चिकटत नाही. चिकटलं तर चांदी नक्की नाही, एवढाच अर्थ. उलट १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा असल्यानं तो चिकटायलाच हवा.

चौथी, साल. १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून शेवटचा आकडा कोरून बदललेले रुपये फिरतात. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची पातळी पाहा, खरवडल्याचा खळगा किंवा वेगळा पोत दिसतो. १८६२ च्या रुपयाची गंमत वेगळी. हे साल पुढे १८७४ पर्यंत तसंच ठेवून नाणी पाडली गेली आणि मागच्या बाजूच्या ठिपक्यांवरून अभ्यासक त्यांचे प्रकार लावतात. त्यामुळे "१८६२ चा रुपया, लई जुना" एवढ्यावर भाव ठरत नाही, ठिपके मोजावे लागतात. १९११ च्या रुपयाची कथाही टेबलावर हमखास ऐकायला मिळते: पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड नीट करावी लागली. १९११ आणि १९१२ शेजारी ठेवून दाखवायला सांगा. एकदा पाहिलं की विसरत नाही.

आपल्या मातीतली नाणी

नागपूरच्या प्रदर्शनात जाऊन फक्त पंचम जॉर्ज पाहून येणं म्हणजे सावजीत जाऊन वरणभात खाणं. नागपूरकर भोसल्यांचे रुपये मागून पाहा. ते मुघल बादशहाच्या नावानं, फारसी अक्षरांत पाडलेले असतात, त्यामुळे नवखा माणूस त्यांना मुघल समजून सोडून देतो. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यानं नाण्यावर मजकुराचा तुकडाच उमटतो, ओळख पटते ती मधल्या खुणांवरून. १७५१ ते १८०३ ओडिशा भोसल्यांकडे होता, म्हणून कटकच्या टांकसाळीचे रुपयेही याच घराण्याचे. विक्रेत्याला "नागपूरचं कोणतं, कटकचं कोणतं, आणि कशावरून?" असं विचारा. जो खूण दाखवून सांगतो त्याच्याकडून घ्या. जो "मराठा आहे, घेऊन टाका" म्हणतो त्याच्याकडून नका घेऊ.

शिवराई प्रत्येकालाच हवी असते. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसरीकडे "छत्रपति". तांब्याचं हे नाणं महाराजांच्या नंतरही मराठी मुलखात दीर्घकाळ पाडलं गेलं, म्हणून हातात आलेली शिवराई महाराजांच्या काळातलीच असेल असं नाही. मागच्या बाजूला मजकुरामध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी ही उशिराची. ती स्वस्तात मिळते आणि सुरुवातीला तीच घ्यावी. सोन्याचा शिवकालीन होन कोणी खिशातून काढून दाखवला तर नमस्कार करा आणि पाकीट खिशातच ठेवा.

सातवाहनांची हत्तीची छोटी नाणीही टेबलांवर असतात. तांबं, कथील आणि शिसं मिसळलेला त्यांचा धातू पोटीन म्हणून ओळखला जातो. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा इथे अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला आणि आपल्या नागपूरचे इतिहास-संशोधक वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांतल्या यादीत नसलेली नावं त्यातून पुढे आली. तो साठा गावातच वाटून गेला असता तर हे राजे आपल्याला कळलेच नसते.

म्हणूनच कोणी पार्किंगमध्ये गाठून "भाऊ, शेतात हंडी निघाली, कोणाले सांगू नका" म्हणत मातीसकट नाणी दाखवली तर त्यात पडू नका. निम्म्या वेळा ती माती कालच लावलेली असते. आणि खरी असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीतलं धन सापडल्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्याला देणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं, तेव्हा अमेरिकेतल्या मेहुण्याला भेट म्हणून ते पाठवता येत नाही.

हे सरळ सोडून द्या

राम, सीता, हनुमान आणि "ईस्ट इंडिया कंपनी १८१८": अशी नाणी कंपनीनं कधीच पाडली नाहीत. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं लाखोंना जातं असं व्हिडिओत सांगतात, पण ते अमाप संख्येनं चलनात आलं होतं. "७८६" ची नोट हौस म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको. जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावानं शुल्क मागणारे फोन येतात. बँकेनं २०२१ मध्येच स्पष्ट केलं आहे की ती या व्यवहारात नाही आणि असं शुल्क घेत नाही. बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा जमवत असाल तर संग्रहासाठी पंचवीसपर्यंतच ठेवता येतात.

भाव करताना

दुसऱ्या फेरीत बसा. खुर्ची मिळाली तर खरंच बसा, उभ्याउभ्या भाव सुटत नाही. एकाच विक्रेत्याकडून तीन-चार नाणी काढून एकत्र बोला. माझं संभाषण साधारण असं होतं:

"भाऊ, हे चार मिळून कितीले देता?"

"तुम्ही सांगा ना काकाजी."

"या दोघांची कड पाहून घ्या, कडी होती त्याले. चांदीच्या भावात धरा. बाकी दोन तुमच्या भावानं."

तो मान हलवतो, कॅल्क्युलेटर काढतो, आणि पाच मिनिटांनी कुठेतरी मधे जमतं. दोष दाखवून भाव करा, "ऑनलाइन स्वस्त आहे" म्हणून नको. ते ऐकून त्याचा चेहरा पडतो आणि पुढच्या वर्षी तो चांगला ट्रे टेबलाखालून काढत नाही. थोड्या मोठ्या खरेदीला बिल मागा, बिलावर नाण्याचं वर्णन लिहून घ्या, आणि नकली निघालं तर परत घेणार का हे पैसे देण्याआधी विचारा.

स्वतःची नाणी विकायची असतील तर ती पहिल्या दिवशी न्या, विक्रेत्याकडे तेव्हा रोख असते. तो पुढे विकणार आहे, त्यामुळे तुम्हाला त्याच्या फलकावरचा भाव मिळणार नाही. तिघांना दाखवा. आजोबांचा अख्खा डबा उघडा करून "घ्या निवडून" मात्र म्हणू नका. तो चांगली चार नाणी निवडतो आणि उरलेला डबा तुम्ही परत आणता.

घरी आल्यावर

त्याच रात्री वहीत नोंद करा: नाणं, साल, खूण, वजन, कोणाकडून, कितीला. आठवड्यानं यातलं निम्मं आठवत नाही.

चांदीची शंका असेल तर घनता मोजा. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. ११.६६ ग्रॅमच्या रुपयाला आकडा १.१३ च्या आसपास यावा, म्हणजे भागाकार १०.३ येतो. नऊच्या खाली आला तर ते तांब्या-पितळेचं काहीतरी आहे, बिल शोधा. नंतर नाणं पुसू नका, टिपकागदावर ठेवून वाळू द्या.

साठवायला कोरडं कपाट बघा. एप्रिल आला की नागपुरातल्या घराघरांत कूलर लागतो, आणि कूलर म्हणजे चोवीस तास ओली हवा. माझ्या तांब्याच्या अर्ध्या डझन शिवराया एका उन्हाळ्यात हिरव्या पडल्या त्या यामुळेच. अल्बम कूलरच्या खोलीतून हलवा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा, आणि पावसाळा संपला की पुड्या बदला.